द्वारकाबाईंच्या कढईचा पंचनामा

सोमवारी सकाळी सहा वाजता जोतीराम देवकाते यांनी मोरीतल्या कढईवरचं ताट उचललं आणि लगेच जागेवर ठेवलं. मग खोलीत जाऊन चष्मा आणला आणि पुन्हा उचललं. चष्म्यानं काही फरक पडला नाही. रात्री काळी असलेली कढई सकाळी विटकरी झाली होती.

आता ही कढई साधी असती तर गोष्ट इथंच संपली असती. बारामतीच्या बाजारात कढया पैशाला पासरी मिळतात. पण ही द्वारकाबाईंची कढई. त्यांच्या लग्नात त्यांच्या आईनं पणदऱ्याच्या लोहाराकडून मुद्दाम घडवून घेतलेली. आई जाऊन अकरा वर्षं झाली, आणि तिची म्हणावी अशी घरात ही एकच वस्तू उरली होती. आखाडातल्या शेवटच्या शुक्रवारी लक्ष्मीआईच्या नैवेद्याला तिखटमिठाच्या पुऱ्या आणि गुळाच्या कापण्या याच कढईत तळल्या जात. द्वारकाबाई एरवी देवाधर्माच्या फार नादी लागणाऱ्या नव्हत्या, पण आखाड तळायचा म्हणजे तळायचा. पहिली पुरी फुगून वर आली की त्या झाऱ्यावर धरून म्हणायच्या, "आईचा हात लागला बगा." त्यावर नाना पेपर बाजूला ठेवून ती पुरी खायचे. जोतीरामना सगळी कॉलनी नाना म्हणत असे, आपणही तसंच म्हणू.

झालं होतं असं की लेकीच्या, रेश्माच्या सासूच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि द्वारकाबाई आठ दिवसांसाठी शेळगावला गेल्या. जाताना उंबऱ्यावर उभं राहून त्यांनी सूचना दिल्या. "दूध उतू घालवू नका. मोटार चालू ठिवून झोपू नका. आन माझ्या कढईला हात लावू नका. गुरवारी मी येती, शुक्रवारी तळायचंय."

पहिल्या दोन सूचना नानांनी पोटात घातल्या. तिसरी घशात अडकली. इंदापूरच्या कचेरीत चौतीस वर्षं आवक-जावक सांभाळणारा माणूस, ज्याच्या टेबलावरून एक कागद गहाळ झाला नाही, हे निरोपसमारंभात साहेबांनी माइकवरून सांगितलेलं, शाल-श्रीफळ अजून कपाटात, आणि त्याला घरात एका कढईला हात लावायची परवानगी नाही? निवृत्त होऊन दोनच महिने झाले होते. तेवढ्यात त्यांना स्वयंपाकघरातून तीन वेळा आणि देवघरातून एकदा बाहेर काढण्यात आलं होतं. तेव्हा नानांनी ठरवलं की बाई येईपर्यंत कढई अशी लख्ख करून ठेवायची, की त्यांनी तिच्यात बघून कुंकू लावावं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. रविवारी दुपारभर नानांनी धुण्याचा सोडा आणि तारेची घासणी घेऊन कढईवरचा निम्मा काळा थर खरवडून काढला, आणि उरलेला भिजून सुटावा म्हणून ती बोअरच्या पाण्यानं काठोकाठ भरून ठेवली. कॉलनीतलं ते पाणी असं, की नवी बादली महिन्यात म्हातारी दिसायला लागते. आणि तो काळा थर म्हणजे मळ नव्हता. तेलावर तेल मुरून वर्षानुवर्षं बसलेलं ते लोखंडाचं चिलखत होतं. ही गोष्ट नानांना पुढच्या तीन दिवसांत कुणीच सांगितली नाही, उपाय मात्र तिघांनी सांगितले.

पहिल्या बानूबाई. समोरच्या घरातल्या बानूबाई कोकरे म्हणजे द्वारकाबाईंची वीस वर्षांची मैत्रीण आणि तेवढ्याच वर्षांची प्रतिस्पर्धी. बानूबाईंकडंही पणदऱ्याच्या त्याच लोहाराची कढई होती, मापानंही तेवढीच. पण लोहार एक म्हणून कढई एक होत नाही, असं द्वारकाबाईंचं ठाम मत. "आक्काच्या कढईत पुरी तेल पिती," असं त्या हळू आवाजात साऱ्या कॉलनीला सांगत. बानूबाईंच्या लेकीच्या, राजेश्वरीच्या लग्नात दोन्ही कढया आचाऱ्याच्या हाताखाली होत्या, तेव्हा आचाऱ्यानंही म्हणे दोन्हींतला फरक बरोबर ओळखला होता.

बानूबाईंनी कढईत डोकावून तोंडाला पदर लावला. "नाना, ह्ये काय करून ठिवलं तुमी? द्वारका आली की हिच्यात तुमालाच तळंल."

"उपाय सांगा वहिनी," नाना म्हणाले.

"चिंच लावा. चिंचंनं देवाची भांडी निघत्यात, ह्यो तर गंज हाय."

नानांनी वर्षाच्या बरणीतली चिंच काढली, मीठ घातलं आणि बाह्या सरसावल्या. अर्ध्या तासात कढई चांदीसारखी निघाली. नानांना स्वतःचा इतका अभिमान निरोपसमारंभातही वाटला नव्हता. त्यांनी कढई बोअरच्या पाण्यानं खळखळून धुतली, भिंतीला टेकवली आणि तिच्याकडं बघत चहा प्यायला बसले. चहा निम्म्यावर आला तेव्हा कढईच्या बुडाशी तांबूस झाक दिसली. चहा संपला तेव्हा कढई परत विटकरी झाली होती. नानांनी पुन्हा चिंच लावली. पुन्हा चांदी, पुन्हा चहा, पुन्हा वीट. असं तीन वेळा झालं आणि मग वर्षाची चिंच संपली. नानांना पित्त झालं ते वेगळंच.

मंगळवारी त्यांनी चौकातल्या हार्डवेअरच्या दुकानात मुजफ्फरला गाठलं. मुजफ्फर वयानं लहान, पण कुठल्याही वस्तूवर त्याच्याकडं उत्तर असायचं आणि उत्तराला लागणारं सामानही त्याच्याच दुकानात असायचं.

"नाना, चिंच लावून काय हुतंय? मशीन लावा," असं म्हणून त्यानं तारेचं चाक लावलेला ग्राइंडर हातात दिला. "घट धरायची मात्र. सोडायची न्हाय."

नानांनी धूळ जाऊ नये म्हणून निरोपाची शाल नाकातोंडाला गुंडाळली, डोळ्यांवर चष्मा चढवला आणि अंगणात मशीन चालू केलं. घट्ट धरायचं होतं ते कढईला की मशीनला, हे विचारायचं राहून गेलं होतं. नानांनी मशीन घट्ट धरलं. कढई एकदा गरकन फिरली, उभी राहिली, फाटकातून बाहेर पडली आणि उताराला लागून थेट बानूबाईंच्या दारात जाऊन थांबली.

बानूबाई बाहेर आल्या. शालीतल्या नानांकडं बघून म्हणाल्या, "ही काय म्हनायची नाना, आवक का जावक?"

हे नानांच्या वर्मी लागलं. त्यांनी कढई उचलून आणली, पायात धरली आणि दुपारपर्यंत घासली. आतून-बाहेरून काळ्याचा ठिपका म्हणून ठेवला नाही. फक्त एका कडीखाली, बाहेरच्या अंगाला, थोडे ओरखडे राहिले. ते मशीननं जाईनात, घासणीनं जाईनात. उलट जेवढं घासावं तेवढे उठून दिसायला लागले. ही मशीनचीच करणी, असं समजून नानांनी ती बाजू भिंतीकडं करून ठेवायचं ठरवलं.

गंज मात्र तासाभरात हजर झाला. मग मुजफ्फरला आपले आजोबा आठवले. "आजोबा कल्हईवाले हुते नाना. भांडं तापवून नवसागर टाकला की आरसा व्हायचा. लोखंडावर कधी करताना बगितलं न्हाय, पन भांडं ते भांडं." त्यानं कागदाच्या पुडीत नवसागराचे खडे बांधून दिले. नानांनी कढई गॅसवर लाल होईस्तोवर तापवली आणि दोन खडे टाकले. पुढचं नानांना दिसलं नाही, कारण काहीच दिसत नव्हतं. स्वयंपाकघरातून पांढरा धूर निघाला, खिडकीतून गल्लीत गेला आणि गल्लीतून माणसं बादल्या घेऊन आत आली. कुणीतरी भल्या माणसानं नानांच्या जिवाच्या काळजीनं एक बादली नेमकी तापलेल्या कढईत ओतली. पाणी अर्थातच बोअरचं होतं.

संध्याकाळी शेळगावहून फोन आला. "समदं बरं हाय न्हवं?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"बरं हाय की," नाना खोकत म्हणाले.

"न्हाय, आपलं इचारलं. औंदा आईची लई आठवन येतीया. कढई कापडात गुंडाळून ठिवलीया न्हवं मी, उंदीर-घूस न्हाय ना गेली तितं?"

"न्हाय," नाना म्हणाले. तेवढं तरी खरं होतं.

फोन ठेवून नाना पाटावर बसले. आतापर्यंत त्यांना बायकोच्या बोलण्याची धास्ती होती. आता त्यांना खरंच वाईट वाटलं. द्वारकाबाईंनी ओरडून घर डोक्यावर घेतलं तरी चाललं असतं, पण त्या ओरडल्या नाहीत आणि नुसत्या बघत राहिल्या तर काय करायचं, ते नानांना सुचेना. त्यांनी कढईकडं बघितलं. काही झालं तरी गुरुवारच्या आत हिला माणसात आणायची, असा त्यांनी निश्चय केला आणि जेवण न करता ते झोपले.

बुधवारी सकाळी बानूबाईंचा भाचा युवराज दारावरून मोटारसायकलनं चालला होता. तो साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट. त्यानं कढई बघितली, नखानं खरवडली आणि म्हणाला, "नाना, ही मळीत बुडवा. साखर काढून जो काळा पाक राहतो ना, त्यात. आमच्याकडं ट्रॅक्टरचे गंजलेले पार्ट असंच काढत्यात. मळी गंज खाती, लोखंड खात न्हाय."

"मग दे की एक बादली."

"मी कशी देऊ? तिच्यापासनं दारू हुती. टाकीला सरकारी कुलूप, कुलपाची चावी साहेबाकडं. लेखी परवानगी लागंल."

लेखी म्हटल्याबरोबर नानांचा तीन दिवसांचा शीण उतरला. इतका वेळ ते परक्या मुलखात लढत होते. आता लढाई त्यांच्या गावात आली होती. त्यांनी पेटीतून रेघांचा कागद काढला, समास सोडला आणि झोकात लिहिलं: 'विषय: घरगुती वापराच्या लोखंडी कढईचा गंज काढणेकामी मळी (नग एक बादली) मिळणेबाबत.' खाली संदर्भ म्हणून 'युवराज यांची तोंडी सूचना, दि. आजची' असं टाकलं, सवयीनं जावक क्रमांक घातला आणि अर्ज पिशवीत ठेवून ते निघाले. जाताना बाजारातून कापण्यांसाठी दोन किलो काळा गूळ घेतला. उरलेली नवसागराची पुडी मुजफ्फरला परत द्यायची म्हणून पिशवीत होतीच.

कारखान्याचं गाळप बंद होतं, पण मळीच्या टाक्या भरलेल्या होत्या आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला नेमलेले इन्स्पेक्टर शंभूराज खुर्चीत होते. तरणाबांड माणूस, बोलायला गोड. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

"काका, चौतीस वर्षं नोकरीत होतो असं लिहिलंय, पण असा अर्ज मी पहिल्यांदाच बघतोय. कढई केवढी आहे?"

"बारा लिटर पानी बसतंय आरामात," नाना अभिमानानं म्हणाले.

"असते कुठं?"

"मोरीत. ताट झाकून ठेवलीया. बाहेर कुनाला दिसू नये म्हनून."

शंभूराजांनी पेन खाली ठेवलं. "पिशवीत काय आहे?"

"काय न्हाय, काळा गूळ हाय दोन किलो. आन ही नवसागराची पुडी. काल निम्मी वापरली, तर एवढा धूर झाला साहेब, सगळी गल्ली पळत आली."

चौतीस वर्षांच्या नोकरीत नानांनी साहेबांना एकदाही खोटं सांगितलं नव्हतं, आणि आजच्याइतकं ते कधी अंगाशी आलं नव्हतं. गूळ, नवसागर, बारा लिटरचं झाकलेलं भांडं, धूर आणि वर मळीची मागणी. गावठी दारूला आणखी काय लागतं? पाणी, आणि ते बोअरचं भरपूर होतं. शंभूराज उठले, टोपी घातली आणि अगदी आदरानं म्हणाले, "काका, गाडीत बसा. आपण जरा कढई बघून येऊ."

सरकारी जीप कॉलनीत शिरली आणि नाना मागच्या सीटवर दिसले, तेव्हा कॉलनीचं त्यांच्याविषयीचं मत किती लवचीक आहे ते कळलं. "तरीच मंगळवारी धूर," एक जण म्हणाला. निवृत्तीनंतर माणसं अशीच वाया जातात, असं दुसऱ्यानं सांगितलं. हे दोघेही बादल्या घेऊन आलेल्यांपैकी होते. पंच म्हणून बानूबाई आणि ग्राइंडर परत न्यायला आलेला मुजफ्फर यांना बोलावलं. कढई अंगणात मधोमध ठेवली. नाना आपल्याच अंगणात हात बांधून उभे राहिले, आणि शंभूराज लिहायला लागले, "एक लोखंडी कढई, आतून पूर्ण गंजलेली..."

आणि तेवढ्यात रिक्षा थांबली. द्वारकाबाई एक दिवस आधीच आल्या होत्या. फोनवरच्या नानांच्या खोकल्यानं त्यांचा जीव थाऱ्यावर राहिला नव्हता.

त्यांनी जीप बघितली, गर्दी बघितली, साहेब बघितला. मग कढई बघितली आणि बाकी सगळं बघायचं सोडून दिलं. पिशवी तिथंच ठेवून त्या खाली बसल्या. कढईच्या आत त्यांनी हात फिरवला. बोटं तांबडी झाली.

"आईचा हात पुसला की वो तुमी," त्या हळूच म्हणाल्या.

नानांना जे नको होतं तेच झालं. त्या ओरडल्या नाहीत. "चुकलं माझं," नाना म्हणाले. घरात हे वाक्य त्यांनी तीस वर्षांत पहिल्यांदा उच्चारलं असेल, तेही सरकारी अधिकाऱ्यासमोर. "तुला दाखवायचं हुतं, मलाबी घरातलं काय येतंय म्हनून." मुजफ्फर जमिनीकडं बघायला लागला. बानूबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

शंभूराजही अवघडले. पण पंचनामा एकदा सुरू झाला की पुरा करावा लागतो. त्यांनी घसा खाकरला, कढई तिरकी केली आणि मोबाइलची बॅटरी लावली. "कडीखाली अक्षरं आहेत. हे नाव लिहून घ्यावं लागेल."

"अक्षरं न्हायत साहेब, मशीनचे ओरखडे हायत," नाना म्हणाले.

"ठिपक्यांनी कोरलंय काका. बानू... बि... कोकरे."

अंगणात सगळ्यांनी एकदम बानूबाईंकडं बघितलं.

"माझं नाव?" बानूबाई म्हणाल्या. "माझं नाव हिच्यावर कसं? माझ्या कढईवर हाय माझं नाव. आमच्या ह्यांनी लोहाराकडनं घालून घेतलं हुतं, सोताच्या नावाचा, बिरदेवाचा 'बि' घालून. काजळीखाली गेलं, इसरले बी मी..." आणि बोलता बोलता त्या थांबल्या. "राजीचं लगीन!"

चौदा वर्षांपूर्वी राजेश्वरीच्या लग्नात दोन्ही कढया आचाऱ्याकडं गेल्या होत्या. दोन्ही काळ्या होऊन परत आल्या, आणि आचाऱ्यानं फरक इतका बरोबर ओळखला की हिची तिला आणि तिची हिला देऊन टाकली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथं कळसा समोरच्या घरात होता आणि मधे फक्त गल्ली होती. सगळी वरात बानूबाईंच्या स्वयंपाकघरात शिरली. शंभूराजही मागोमाग गेले. हे पंचनाम्यात बसत नव्हतं, पण त्यांना राहवेना. फळीवरून बानूबाईंची कढई खाली आली. काळीभोर, तेलानं तुकतुकीत. कडीखाली बोटभर काजळी होती.

"द्या हिकडं," म्हणून नाना घासणी घेऊन पुढं झाले.

"न्हाय!" असं तीन माणसं एकदम ओरडली. त्यांतला एक शंभूराजांचा आवाज होता.

द्वारकाबाईंनी कोमट तेलात फडक्याचं टोक बुडवलं आणि कडीखालची काजळी नखानं हलके हलके सोडवली. एक एक ठिपका उघडा पडत गेला. 'द्वारकास आईकडून.' त्यांनी ती कढई तशीच उचलून मांडीवर घेतली. चांगल्या साडीला काजळी लागली, त्यांनी बघितलंसुद्धा नाही. त्या रडत होत्या आणि हसतही होत्या.

"आक्का," त्या म्हणाल्या, "चौदा वर्सं तुमच्या कढईत तळलं, आन आईचा हात म्हनत व्हते की वो मी!"

"त्ये ऱ्हाऊ दे," बानूबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "माझ्या पुऱ्या तेल पित्यात म्हनून साऱ्या कॉलनीला सांगत हुतीस, त्या कुनाच्या कढईतल्या? तुझ्याच आईच्या न्हवं?"

शंभूराजांनी वहीत शेवटची ओळ लिहिली: 'आक्षेपार्ह काही आढळले नाही. गंज आढळला.' नानांनी ती वाचली आणि भाषा निर्दोष असल्याचं सांगून एक स्वल्पविराम सुचवला. मळीचा अर्ज त्यांनी त्याच वेळी मागं घेतला.

पण प्रकरण मिटलं नव्हतं. निघताना बानूबाईंनी अंगणातल्या कढईकडं बोट केलं. "ही गोरी माझी न्हवं का नाना? मला गोरी नको. हुती तशी काळी करून द्या."

म्हणजे तीन दिवस आणि वर्षाची चिंच खर्चून जो काळा रंग नानांनी घालवला होता, तोच आता परत आणायचा होता. द्वारकाबाईंनी ते काम कसं करायचं ते दाखवलं. मिठानं कोरडंच घासायचं, पाणी दाखवायचं नाही, तापवायचं, तेलाचा बोळा फिरवायचा, निववायचं आणि परत तापवायचं. रोज, महिनाभर. ते सगळं सांगून त्यांनी आपला तेलाचा बोळा नानांच्या हातात दिला. तो बोळा त्यांनी आजवर रेश्मालाही हाताळू दिला नव्हता. नाना त्याच रात्री कामाला लागले.

शुक्रवारी आखाड तळायला दोन कढया लागल्या. एका शेगडीवर आईची कढई आणि द्वारकाबाई, दुसऱ्या शेगडीवर बानूबाईंची कढई आणि नाना, कारण कढई काळी करायला तळणीसारखा दुसरा उपाय नाही. पहिल्या दोन पुऱ्या एकदम फुगल्या. द्वारकाबाईंनी दोन्ही ताटात घेतल्या, आधी आईच्या कढईतली खाल्ली, मग नानांच्या. डोळे मिटून चावल्या. नाना झारा धरून थांबले.

"काय गं द्वारका," गल्लीपलीकडून बानूबाईंचा आवाज आला, "कळतोय का फरक?"

"लई फरक हाय आक्का!" द्वारकाबाई खिडकीकडं तोंड करून ओरडल्या. मग त्या नानांच्या कानाशी वाकल्या. "दोनी अगदी सारख्या लागत्यात. कुनाला सांगू नका."

नानांच्या टेबलावरून चौतीस वर्षांत पुष्कळ गोपनीय कागद गेले होते, पण घरातली गोपनीय गोष्ट त्यांच्या हाती पहिल्यांदाच आली होती. त्यांनी मान डोलावली, पुढची पुरी तेलात सोडली आणि ती वर यायची वाट बघत उभे राहिले.